खालून येणारे ठोके

दुपारी स्वयंपाक झाला की मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलायचे आणि लाकडी जमिनीवर दोनदा आपटायचे. खाली आमच्या यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानाच्या मधोमध एक जाडजूड लाकडी खांब, त्यावर आमच्या वरच्या खोल्यांचा सगळा भार. हे त्या खांबाला पाठ लावून, पुढ्यात ऐरण घेऊन काम करायचे. कान तिशीतच गेले होते. दिवसभर पत्र्यावर हातोडा मारणाऱ्या माणसाचे जातात तसे गेले, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. पण बत्त्याचा ठोका खांबातून उतरून यांच्या पाठीत जायचा आणि यांना कळायचं की जेवण झालंय.

मग खालून उत्तर यायचं, ऐरणीवर. एक ठोका म्हणजे मी एकटाच येतोय. दोन म्हणजे सोबत कुणीतरी आहे. तीन म्हणजे दोघं आहेत. मी ठोके मोजायचे आणि तेवढी ताटं मांडायचे. या मोजणीत मी कधीच नसायचे. रांधणारीला मोजायचं नाही, हे न बोलताच ठरलेलं. आणि उत्तर आलंच नाही, तर मी खाली जाऊन यांना घेऊन यायचं, हेही ठरलेलं. तसं फार क्वचित झालं. झालं तेव्हा मी तणतणत जिना उतरायचे आणि हे दुकानाच्या दारात कुणाच्या तरी फुटक्या बादलीत डोकं घालून बसलेले असायचे.

सोबत कोण येईल याला काही धरबंध नव्हता. बादलीला बूड लावून घ्यायला आलेली बाई, पन्हळीचं माप द्यायला आलेला गवंडी, पत्ता विचारायला थांबलेला एखादा परका माणूस. हे प्रत्येकाला एकच विचारायचे, "जेवलास का?" समोरचा भिडेपोटी हो म्हणायचा. यांना ऐकू यायचं नाही, पण ओठ बरोबर वाचायचे. "खोटं," हे म्हणायचे, "चल." आणि ऐरणीवर एक ठोका वाढायचा.

मी चिडायचे. का चिडू नये? दिलदार माणसाशी संसार करणं म्हणजे दिलदारी त्याची आणि भांडी आपली. तीन ठोके आले की मी भाजीत बटाटा वाढवायचे, चार आले की डाळीत पाणी, आणि पाच आले की स्वतःच्या नशिबाला नावं ठेवायचे. ही नावंसुद्धा मोठ्याने ठेवायचे, कारण आमच्या घरात हळू बोलायची सवयच कुणाला नव्हती. यांच्याशी बोलायचं तर ओरडायचं, आणि एकदा घसा त्या पट्टीत लागला की तो खाली उतरत नाही. आमच्याकडे भांडण झालं की समोरच्या इस्त्रीवाल्याला दोन्ही बाजू तोंडपाठ असायच्या. वर तो मला येऊन सांगायचा, "काकू, आजचं तुमचं बरोबर होतं." आणि तोही अधूनमधून जेवायला असायचाच.

सगळ्यात जास्त ठोके आले ते बॅंडवाल्यांच्या दिवशी. त्यांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली होती, आणि त्यातल्या एकाच्या कर्ण्याची नळी सांध्यात सुटली होती. गाडी दुरुस्त होईपर्यंत यांनी ती नळी डाख देऊन जोडून दिली आणि अर्थातच विचारलं, जेवलात का. नऊ ठोके आले. मला वाटलं, हे कामच करतायत, पत्रा ठोकतायत. मी पुन्हा बत्ता आपटला. पुन्हा नऊ. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं तर लाल कोट घातलेली माणसं एकामागून एक वर चढत होती आणि सगळ्यात मागे पोटावर ढोल बांधलेला एक जाडा माणूस जिन्यात अडकला होता.

त्या दिवशी भात कमी पडला आणि मी शेजारणीकडून शिजलेला भात उसना आणला, हे मी यांना कित्येक वर्षं ऐकवलं. पण जेवणानंतरचं मात्र कधी बोलले नाही. पोटं भरल्यावर त्या लोकांनी आमच्या पुढच्या खोलीत वाजवायला सुरुवात केली. खिडकीची तावदानं थरथरत होती. हे मधे उभे, तोंडभर हसू, आणि कानांवर काहीच पडत नव्हतं. ढोलवाल्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने यांचा हात धरला आणि ढोलाच्या बाजूला ठेवला. हे डोळे मिटून उभे राहिले, वाजवणं थांबलं तरी हात काढेनात. माझा राग तेव्हाच विरघळला होता. पण मी तो चेहऱ्यावर तसाच ठेवला, कारण भांडी घासायची होती.

कामाला माणूस वाघ. उजाडायच्या आत ऐरणीवर पहिला हातोडा पडायचा आणि सुट्टीच्या दिवशी फक्त तो जरा उशिरा पडायचा. पेट्या, डबे, झाऱ्या, नरसाळी, छपरांच्या पन्हळी, पाण्याच्या टाक्या. आमच्या भागात वर बघाल तर यांचं काम दिसेल, खाली बघाल तरी यांचं काम दिसेल. हाताला इतक्या जागी भाजलेलं आणि कापलेलं होतं की आमचा मुलगा लहानपणी त्या वणांवरून बोट फिरवत फिरवत झोपी जायचा. आणि यांची एक खोड होती. सांगितल्या मापात वस्तू कधी करायचेच नाहीत. टाकी चार बोटं उंच, डबा दोन बोटं रुंद, पेटी एखादा कोट जास्त मावेल अशी. गिऱ्हाईक म्हणायचं, मी तर याच्याहून लहान सांगितली होती. हे म्हणायचे, "असू दे. माणसं वाढतात."

या खोडीचा सगळ्यात जास्त त्रास आमच्या मुलाला झाला. शाळेत जायला लागला तेव्हा यांनी त्याच्यासाठी जेवणाचा डबा केला. डबा कसला, कडी लावलेली बादलीच. त्यात चार पोरांचं जेवण मावेल. मुलगा रडून रडून लाल झाला. म्हणाला, सगळे हसतात, मला दुकानातला छोटा डबा हवाय. यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि मोठ्याने समजावलं, म्हणजे गल्लीभर समजावलं, की शेजारच्या पोराने डबा आणला नसेल तर तू काय करशील? मुलगा म्हणाला, मी बघणारच नाही तिकडे. हे इतके हसले की मुलगाही हसायला लागला. पण डबा बदलला नाही. वर्षभर तो तीच बादली घेऊन शाळेत जात होता आणि वर्षाच्या शेवटी त्याला इतके मित्र झाले होते की रविवारी खालून सहा-सहा ठोके यायला लागले.

मुलगा शिकला, दुसऱ्या शहरात ऑफिसात लागला. दुकान पुढे कोण चालवणार, असं यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त मुलाच्या नव्या घरासाठी एक पत्र्याची पेटी केली आणि ती त्याच्या दारातून आत जाईना. अजून ती त्याच्या गॅलरीत आहे.

मग यांच्या छातीचं दुखणं निघालं. धूर आणि डाख देण्याची आम्लं, इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. हे वरच्या खोलीत लोखंडी पलंगावर पडून राहिले. खाली ऐरण गप्प झाली. भेटायला माणसं यायची, आणि हे औषधाचा चमचा घेऊन पलंगाच्या दांडीवर ठोके द्यायचे. दोन, तीन, चार. आलेला माणूस जेवून गेला पाहिजे. स्वतःला दोन घास जात नव्हते. मी स्वयंपाकघरात तो चमचा ऐकायचे आणि ताटं मांडायचे, आणि त्या वेळी मी चिडत नव्हते, एवढं सांगते.

शेवटच्या दुपारी मी पातळ भात घेऊन खोलीत गेले आणि पाय आपटून विचारलं, जेवणार का. यांनी दोन ठोके दिले. मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. मी ओरडून विचारलं, "दुसरं कोण?" यांनी चमचा माझ्याकडे केला. "तू," म्हणाले. "बस." मी त्याच वाटीतून चार घास खाल्ले, यांनी दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा हे गेलेले होते.

त्यानंतर काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. ती पांगली तशी मी एका दुपारी डाळ-भात केला आणि बत्ता उचलून दोनदा आपटला. मुद्दाम नाही. हात आपोआप गेला. आपटला आणि तशीच उभी राहिले. रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. खालून काही आलं नाही. नियमाप्रमाणे मी खाली जायला हवं होतं. मी गेले नाही. बत्ता खलात ठेवला, खल कपाटात ठेवला आणि तेव्हापासून मिरी कुटायची झाली तरी वरवंट्याने चेचत होते. दुकानाचं दार इस्त्रीवाल्याने ओढून घेतलं होतं, त्याला कुलूप मुलाने लावलं होतं, आणि मी जिना उतरून बाजारात जाताना त्या दाराकडे पाठ करून जायचे.

मुलाने मला आठवडाभर त्याच्याकडे नेलं. घर चांगलं आहे, सून चांगली आहे. चिमटा काढावा असं तिच्यात काही सापडत नाही, मी शोधून पाहिलं. पण मी बोलायला लागले की घरातली माणसं दचकायची. सून एकदा फार हळुवारपणे म्हणाली, "आई, थोडं हळू चालेल." चालेल म्हणजे काय, तिचं बरोबरच होतं, भिंती पातळ, पलीकडे लहान बाळ. मी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. जो निघाला तो माझा नव्हताच. दोन दिवसांनी मी बोलणंच कमी केलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की सकाळपासून मी तोंड उघडलेलं नाही आणि कुणाला ते खटकलेलंही नाही. त्यांना वाटलं, आई रुळली. मी घरी परत आले आणि दार लावून घेऊन मोठ्याने स्वतःलाच शिव्या दिल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं.

पण इथे तरी काय होतं? मोठ्याने बोलायचं कुणाशी? भिंतीशी. पातेलं काढताना मी रोज मोठं काढायचे आणि परत ठेवून लहान काढायचे. लहानातलाही भात उरायचा. संध्याकाळी तोच भात गरम करून खायचा, आणि सकाळी पुन्हा मोठ्या पातेल्याला हात जायचा. इस्त्रीवाला खालून विचारायचा, "काकू, काही हवंय का?" मी म्हणायचे, "नको." बस, दिवसाचं बोलणं संपलं.

मुलगा फोनवर रोज तेच म्हणायचा. "आई, एकटी का राहतेस? काही झालं तर कळायचं कुणाला?" मी टाळत राहिले. एकदा चिडून म्हणाला, "आहे काय तिथे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐरण आहे." तो म्हणाला, "ऐरण चांगल्या माणसाला देऊ. जो तिच्यावर काम करेल अशाला. बाबांनाही तेच आवडलं असतं. आणि मग तू चल." लोखंड गंजत ठेवायचं, हे खरंच यांना आवडलं नसतं. मी बरं म्हणाले. ऐरण गेली की मीही जायचं, असं आमचं ठरलं. फोन ठेवला आणि घरभर नजर फिरवली. काय न्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला बसले, आणि अंधार पडेपर्यंत एक चमचासुद्धा बाजूला काढला नाही.

रविवारी मुलगा आला. सोबत लांबच्या बाजारातला एक पत्रेवाला होता, मुलाच्याच वयाचा, हाताला तसेच वण. टेम्पो घेऊनच आले होते. पत्रेवाल्याने खाली वाकून मला नमस्कार केला आणि म्हणाला, "आधी वाजवून बघतो, मग बोलू." ते खाली गेले. कुलूप निघाल्याचा आवाज आला, मग दार घासत उघडल्याचा. हे त्या दाराला तेल घालायचं म्हणून नेहमी म्हणायचे, आणि यांना ते घासणं ऐकू येत नसल्यामुळे नेहमी विसरायचे.

मी भाजी चिरत होते. तीन माणसांचा स्वयंपाक, असं मनात धरलं होतं. आणि खालून ठोका आला.

ऐरण विकत घेणारा माणूस तिला अशीच तपासतो, हे मला पुढे कळलं. एका जागी एकदा मारायचं, थांबून आवाज ऐकायचा, सरकायचं, पुन्हा एकदा मारायचं. कुठे तडा असेल तर आवाज बदलतो. मला त्या वेळी यातलं काही सुचलं नाही. एक ठोका आला. थांबला. दुसरा. थांबला. तिसरा. तोच आवाज, तीच ऐरण, यांचीच चाल. खरं सांगायचं तर मला दुःख झालं नाही. मी मोजत होते. चार. पाच. सहा. सात. मग शांत.

भानावर आले तेव्हा मी मोठं पातेलं काढलेलं होतं आणि कोपरापर्यंत हात तांदळाच्या डब्यात होता. तो डबाही यांचाच, दोन बोटं रुंद. मला कळलं की मी काय करतेय. खाली कोण आहे, हेही कळलं. मी थांबायला हवं होतं. पण मी सात जणांचा तांदूळ मोजून घेतला, धुतला, आणि गॅसवर ठेवला. बटाटे वाढवले. डाळीत पाणी घातलं. तोंडाने म्हणतही होते, "सात म्हणे. आधी सांगायला काय होतं?" आणि डोळ्यांतून पाणी पडत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मुलगा वर आला तो हात झटकत. "आई, ऐरण एकदम ठणठणीत आहे, तो नेतोय," म्हणाला, आणि पातेल्याकडे बघून थांबला. "एवढा भात कुणाला?"

"सात जण आहेत ना," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. याच घरात वाढलेला पोरगा तो. त्याने खाली पाहिलं, जमिनीच्या फळ्यांकडे. मग वळला आणि जिना उतरून गेला. मला वाटलं, गहिवर आला असेल, बाहेर जाऊन डोळे पुसेल.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. पुष्कळ पावलं. पुढे पत्रेवाला, त्याच्यामागे टेम्पोवाला, मग ऐरण उचलायला आणलेले दोघं हमाल, मग इस्त्रीवाला, त्याची बोटं अजून गरम असावीत कारण तो ती फुंकत होता, आणि सगळ्यात शेवटी माझा मुलगा. हमालांपैकी एक जण सारखा म्हणत होता, "आम्ही खाऊन आलोय हो साहेब." मुलगा म्हणाला, "खोटं. बस."

त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मी पाठ फिरवून भात ढवळत बसले, भाताला ढवळायची काही गरज नसताना.

सगळे बसले. मी ताटं मांडली, आणि एक उरलं. मुलाने इकडेतिकडे पाहिलं. "सहाच मिळाले," तो म्हणाला. "आता सातवी तू. बस."

शेवटच्या दुपारचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही. मी बसले.

बऱ्याच दिवसांनी मी माणसांच्या गर्दीत जेवले. पत्रेवाला म्हणाला, "ऐरणीची एक कड जास्त झिजलीय. काका एकाच बाजूला उभे राहायचे वाटतं." मी म्हणाले, "पाठ खांबाला लावायची असायची." त्याला वाटलं, पाठ दुखत असेल. मी समजावत बसले नाही. इस्त्रीवाल्याने बॅंडवाल्यांची गोष्ट काढली आणि नऊचे अकरा केले. मुलाने त्याच्या बादलीची गोष्ट सांगितली आणि टेम्पोवाल्याला इतका ठसका लागला की मलाच उठून त्याची पाठ थोपटावी लागली. मी मोठ्याने बोलत होते. कुणी दचकलं नाही.

मग त्यांनी ऐरण नेली. दोघं हमाल, पत्रेवाला आणि मुलगा, चौघांनी मिळून उचलली. मी खिडकीतून पाहिलं. टेम्पोचं मागचं फळकूट लागलं आणि गाडी वळणावरून गेली.

मुलगा वर येऊन माझ्यासमोर बसला. "आई, आवरूया का?" त्याचा आवाज फार मऊ होता आणि तो मुद्दाम मोठ्याने बोलत होता, जणू मलाच ऐकू येत नाही. मी म्हणाले, "आज नको रे." तो म्हणाला, "आपलं ठरलं होतं." मी म्हणाले, "ठरलं होतं. तू पुढच्या रविवारी ये, मी तुला काय ते सांगते." त्याला राग आला होता, पण पोटभर जेवलेल्या माणसाला नीट रागावता येत नाही. जाताना त्याने भांडी घासून दिली. बापाने हे कधी केलं नव्हतं, हेही इथे नोंदवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भात केला. मोठं पातेलं हातात आलं आणि मी ते परत ठेवलं नाही. भात झाला, भाजी झाली. मी कपाट उघडून खल काढला. बत्ता उचलला आणि जमिनीवर दोनदा आपटला.

आवाज वेगळा आला, पोकळ. खाली काही राहिलं नव्हतं ना.

मी थांबले. इतके दिवस मनाशी म्हणत आले होते की ऐरण खाली आहे, म्हणजे यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, एवढंच. आता ती पळवाटही टेम्पोत बसून गेली होती. उत्तर येणार नव्हतं. कधीच येणार नव्हतं. मी हे स्वतःशी मोठ्याने बोलले, "येणार नाहीत आता." खोलीत माझाच आवाज घुमला. इतकी एकटी मी यांच्या मरणाच्या दिवशीही नव्हते. त्या दिवशी निदान घर भरलेलं होतं.

आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं, ते ठरलेलं होतं.

मी गॅस बंद केला आणि जिना उतरले. कुलूप काल लावायचं राहूनच गेलं होतं, दुकानाचं दार घासत उघडलं. आत पत्र्याचा आणि डाखाचा वास अजून तसाच होता, मला वाटलं होतं तो ऐरणीबरोबर गेला असेल. खांब होता. खांबाला यांच्या पाठीच्या उंचीवर लाकूड काळं आणि गुळगुळीत झालेलं. पुढे ऐरणीच्या ठोकळ्याची चौकोनी खूण, आणि खूण आणि खांब यांच्यामध्ये जमिनीत दोन खळगे. पायांचे. सगळं आयुष्य एका जागी उभं राहून पाडलेले. मी चपला काढल्या आणि त्यात पाय ठेवून, खांबाला पाठ लावून उभी राहिले. माझे पाय त्यात हलत होते. यांच्या मापाचं सगळं मोठंच असायचं.

तिथून रस्ता दिसतो, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी वर राहिले, खालून काय दिसतं ते कधी पाहिलंच नाही. दाराच्या चौकटीतून रस्त्यावर चालणारा प्रत्येक माणूस दिसतो, आणि तो थकलाय का, घाईत आहे का, उपाशी आहे का, तेही दिसतं. एक बाई सामानाच्या दोन पिशव्या टेकवून दम खात होती. एक म्हातारा सावली बघून थांबला होता. समोर इस्त्रीवाला इस्त्री उभी करून घाम पुसत होता.

मी खांबापासून निघून दारात आले. रविवारी मुलगा येईल, त्याला काय सांगायचं ते तेव्हाच माझं ठरलं होतं. रागावेल. रागावू दे, जेवूनच जाईल.

"जेवलास का?" मी समोर ओरडले. पूर्ण आवाजात. पिशव्यांवाली बाई दचकली, म्हाताऱ्याने मान वळवली.

इस्त्रीवाल्याने वर खिडकीकडे पाहिलं. आवाज नेहमी तिथून येतो ना. मग मी खाली दारात उभी आहे हे त्याला दिसलं.

"हो काकू," तो म्हणाला. "झालं माझं."

"खोटं," मी म्हणाले. "चल."